छताचे फोटो

माझा नवरा नवी मुंबईत गाळे आणि ऑफिसं भाड्याने लावून देतो. राहत्या घरांच्या भानगडीत तो पडत नाही. घर बघायला आलेली माणसं फ्रीज कुठे बसेल ते बघतात, खिडकी उघडून शेजारणीकडे बघतात आणि शेवटी 'सासूबाईंना विचारून सांगतो' म्हणतात. कंपन्यांना सासू नसते, असं तो सुरुवातीला म्हणायचा. कंपन्यांना हेड ऑफिस असतं, हे त्याला पुढे कळलं.

या धंद्याचा एक मुख्य नियम आहे, आणि तो मी अंगावरची हळद उतरायच्या आत शिकले: जागा कुठे आहे ते सांगायचं नाही. कुणालाच नाही. ज्याला जागा हवी असते त्याला ही मंडळी 'पार्टी' म्हणतात. पार्टीला पत्ता कळला की ती परस्पर मालकाकडे जाते. त्याला 'डायरेक्ट जाणं' म्हणतात आणि हा शब्द ते अशा आवाजात उच्चारतात की बिल्डिंगमधली एखादी मुलगी पळून गेली असावी. दुसऱ्या ब्रोकरला कळलं तर तो पार्टीही फोडतो आणि मालकही. म्हणून पार्टीला भलत्याच पेट्रोल पंपावर बोलवायचं, आपल्या गाडीत बसवायचं, गरज नसलेली दोन वळणं घ्यायची आणि बिल्डिंगपाशी पोचेपर्यंत पार्टीशी क्रिकेटवर बोलत राहायचं. संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारायचे, "आज कुठे होतास?" आम्ही एकाच कॉलेजातले, त्यामुळे अहो-जाहो कधी झालंच नाही. तो बूट काढत म्हणायचा, "महापे. मेन रोडपासून आत." कधी तुर्भे, मेन रोडपासून आत. कधी द्रोणागिरी, मेन रोडपासून आत. संसाराची वीसेक वर्षं माझा नवरा मेन रोडपासून आत होता.

फोटोंचं तर विचारू नका. महापेच्या बहुतेक खिडक्यांतून पारसिकचा डोंगर दिसतो, आणि तो प्रत्येक बिल्डिंगमधून वेगळा दिसतो. खाणीने खाल्लेली बाजू डावीकडे आली तर ही गल्ली, उजवीकडे आली तर ती. बेलापुरात खाडी दिसते, आणि तिच्या वळणावरून कितवा मजला तेही या लोकांना कळतं. त्यामुळे फोटोत खिडकी येऊ द्यायची नाही. खांब नको, लिफ्ट नको, जिन्याच्या फरशीचा रंग नको. मग उरतं काय, तर छत. माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये छतांचे इतके फोटो आहेत की मेल्यावर वर बघायला नवीन काही उरणार नाही. सवयच ती. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्याने काढले, त्यात फुगे छान आलेत. लेक नाही.

हे सगळं आधी सांगून ठेवते आहे, कारण गेल्या वर्षी माझी नोकरी जाणार ही गोष्ट माझ्या आधी या माणसाला कळली होती, आणि त्याला ती मला सांगता येत नव्हती.

करोनानंतर ऑफिसं ओस पडली आणि ब्रोकर मंडळी घरी बसून बायकांना स्वयंपाकात सल्ले द्यायला लागली. तेव्हा त्यांच्या संघटनेने वाशीच्या एका हॉटेलात एक शिबिर ठेवलं. विषय होता सोशल मीडियावरून ओळखी कशा वाढवायच्या. इतकी वर्षं ओळखी वाढवायची यांची पद्धत सोपी होती: कुणाच्याही ऑफिसची पूजा असली की जायचं, प्रसाद घ्यायचा, आणि बाहेर पडता पडता शेजारच्या गाळ्याला कुलूप का आहे ते विचारायचं. शिबिरात ब्लेझर घातलेल्या एका बाईंनी सांगितलं की हे सगळं आता जुनं झालं. नुसत्या जागा दाखवू नका, स्वतःला दाखवा. लोकांना गोष्टी सांगा. व्हल्नरेबल व्हा.

घरी येऊन त्याने विचारलं, "व्हल्नरेबल म्हणजे नक्की काय गं?"

"हळवं. उघडं. कुणीही येऊन दुखवू शकेल असं."

त्याने ते शिबिराच्या वहीत लिहून घेतलं. "बरं," म्हणाला. "पण पत्ता सांगायचा नाही ना?"

अशा रीतीने तो त्या ॲपवर गेला. ॲपचं नाव मी घेत नाही, मी त्याला नम्र लोकांचं ॲप म्हणते. तिथे प्रत्येक माणूस काही मिळालं की आधी नम्र होतो. बढती मिळाली, नम्र. स्मृतिचिन्ह मिळालं, नम्र. याच्या ओळखीच्या एका ब्रोकरने नवी गाडी घेतली आणि तो इतका नम्र झाला की बॉनेटवर बसून त्याने फोटो काढला.

माझ्या नवऱ्याची पहिली पोस्ट वडिलांवर होती. सासरे रत्नागिरीकडच्या एका गावातून आले आणि तुर्भ्याच्या धान्य बाजारात मुकादम होते. पोस्टीत त्यांनी मुलाला जवळ बसवून सांगितलं होतं की माणसं जोडत जा, भिंती आपोआप उभ्या राहतात. प्रत्यक्षात सासऱ्यांनी त्याला जवळ बसवलेलं मी कधी पाहिलं नाही. दलालीत पडू नकोस, भिकेला लागशील, एवढं ते म्हणाले होते, तेही उभ्याउभ्या. ते असते तर विचारलं असतं, 'मी कदी बोललो रे असं?' पण पोस्ट तुफान चालली. वर्षानुवर्षं एकमेकांना चोर म्हणणारे लोक खाली 'इन्स्पायरिंग, सर' लिहून गेले. त्यातल्याच एकाचा संध्याकाळी फोन. "बाबांचं वाचलं. डोळ्यात पाणी आलं, खरंच. बरं, फोटोत मागे जे ऑफिस आहे ना, ते कुठल्या बिल्डिंगमधलं?"

हळूहळू त्याला चटक लागली. भाजीवाल्याशी घासाघीस केली तरी त्यातून भाडेकराराचा धडा निघायचा. नळ गळला तरी नेतृत्वाचा. रविवारी आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात मासे आणायला जायचो, तिथे आमची ठरलेली मावशी आहे. तीही हल्ली सकाळी होडी आली की ताज्या माशांचे फोटो काढून गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकते. याने तिलाही सोडलं नाही. "मावशी, नुसते मासे नका टाकू. तुमचा पण फोटो टाका. तुमची स्टोरी सांगा लोकांना."

"मावरं दिसलं म्हंजे झालं," मावशी सुरमई कापता कापता म्हणाली. "माजं त्वांड बगून कोन सुरमय घेनार हाय?"

त्यावरही त्याने पोस्ट लिहिली. मावशीचं म्हणणं त्यात बरोबर उलटं होऊन आलं होतं.

या सगळ्यात माझं काम होतं इंग्रजी तपासायचं. मी अकाउंट्समधली बाई, चूक दिसली की माझा हात थांबत नाही. त्यासाठी मी बिनफोटोचं एक खातं काढलं होतं. पण एकदाही मी त्याच्या पोस्टीला लाईक दिलं नाही. त्याला ते लागायचं. "बाकीच्यांच्या बायका करतात," तो म्हणायचा. "मी तपासते ना," मी म्हणायचे. "परीक्षक टाळ्या वाजवत नाहीत."

आता माझ्या नोकरीचं. जहाजाने माल पाठवणाऱ्या एका कंपनीत, महापेला, तिसऱ्या मजल्यावर, लेक बालवाडीत होती तेव्हापासून मी कामाला होते. कंपनीचे मालक तीनदा बदलले, फर्निचर दोनदा, मी नाही. कोपऱ्यातलं खिडकीजवळचं टेबल माझं होतं. खिडकीच्या कट्ट्यावर मी लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीत गवती चहा लावला होता. बरणी लग्नात आलेली. तिचा एक कान उडालेला आहे, कारण मी या नोकरीला लागले त्याच वर्षी नवऱ्याच्या हातून ती सिंकमध्ये पडली. सासूबाई म्हणाल्या, फुटकी बरणी घरात नको. मग त्यानेच ती मातीने भरून, स्कूटरवर दोन पायांच्या मधे धरून, महापेपर्यंत आणून दिली होती. दुपारी आमच्या अकाउंट्समधल्या मुली माझ्या खिडकीशी येऊन दोन पाती तोडायच्या आणि मग सगळ्यांचा चहा व्हायचा. त्या वासावर अर्धं ऑफिस उठून यायचं. मला ते फार आवडायचं, हे कबूल करते. घरात मला कुणी इतकं विचारत नव्हतं.

अशात मला एक फोन आला. माझ्या पहिल्या नोकरीतल्या बाई, ज्यांनी मला हिशेब लिहायला शिकवलं, त्यांनी वाशीला स्वतःची फर्म काढली होती. त्यांना हाताखाली अनुभवी माणूस हवं होतं. "पुढच्या सोमवारी सकाळी मला हो की नाही सांग," त्या म्हणाल्या. "नाही म्हणालीस तर मी दुसरी बघेन. मला थांबता येणार नाही."

मी मनातून त्याच क्षणी नाही म्हटलं होतं. पन्नाशीला आलेय. नवं सॉफ्टवेअर, नवी माणसं, आता या वयात कुठे दुसरं सासर? रात्री जेवताना मी नवऱ्याला ते सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"विचार कर नीट," तो म्हणाला.

"विचार काय करायचाय? इथे काय कमी आहे मला?"

"नाही, कमी काय. पण विचार कर." आणि त्याने उगाचच दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली.

त्या आठवड्यात त्याच्या पोस्टींना एकदम एकच विषय लागला: बदल. सोमवारी लिहिलं की जे हलत नाही त्याला गंज चढतो. मग लिहिलं की कायमची नोकरी हा एक भ्रम आहे. मी भडकले. "माझ्या पगारावर लाईटबिल भरतोस आणि हे लिहितोस?" त्याने मान खाली घातली, पण वाक्य काढलं नाही. पुढची पोस्ट तपासायला आली त्यात होतं, 'जुन्या खिडकीला चिकटून बसणाऱ्याला नवा सूर्योदय दिसत नाही.'

"अरे, सूर्योदय खिडकीतूनच दिसतो," मी म्हणाले. "काढ ते."

"राहू दे ना गं."

"अर्थ लागत नाही."

"लागेल कुणाला तरी," तो म्हणाला, आणि फोन घेऊन बाल्कनीत गेला. मी मागून मोठ्याने हसले. पोस्ट पडली आणि तिच्याखाली शेकडो लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी लिहिलं होतं की सर, ही पोस्ट जणू माझ्यासाठीच लिहिली आहे. मी ते वाचून दाखवलं तर तो हसला नाही. एवढ्यावरही मला काही कळलं नाही. रुपयाची तफावत शोधायला दुपार घालवणारी बाई मी, आणि माझ्या ताटासमोर एवढा मोठा माणूस तफावतीसारखा बसला होता.

रविवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. साइट दाखवायची होती.

"कुठे?" मी सवयीने विचारलं.

"महापे," तो म्हणाला. बुटाची नाडी बांधून झाली होती तरी तो वाकलेलाच होता. मग म्हणाला, "मेन रोडपासून आत."

मी एकटीच दिवाळ्याला जाऊन आले. ओले बोंबील मिळाले, म्हणून खूश होते. बोंबील हा त्याचा जीव की प्राण. दुपारी मी कुरकुरीत तळून वाढले, तर त्याने एक खाल्ला आणि दुसरा ताटात इकडून तिकडे केला. मी विचारलं, पार्टी बिघडली का? नाही म्हणाला, पार्टीला जागा आवडली.

जेवणं झाल्यावर मी सोफ्यावर बसून बाईंना निरोप लिहिला. आपण माझी आठवण ठेवलीत, आभारी आहे, पण सध्याच्या ठिकाणी मी समाधानी असून, वगैरे. चांगला लिहिला होता. मी त्याला वाचून दाखवला आणि म्हणाले, "पाठवते."

"आज नको पाठवू."

"का?"

"रविवारी कोण पाठवतं असलं?"

"उद्या सकाळी त्या वाट बघणार. आज काय नि उद्या काय?"

"थोडा वेळ थांब," तो म्हणाला. "चहा होईपर्यंत थांब." आणि स्वतः उठून त्याने चहा ठेवला. आमच्या घरात हे पूर्वी लेक जन्मली तेव्हा झालं होतं.

ओट्याशी उभा राहून तो बराच वेळ फोनमध्ये काहीतरी करत होता. चहा उतू जाऊन शेगडीवर आला. मग तिथूनच, माझ्याकडे पाठ करून, तो म्हणाला, "एक पोस्ट टाकलीय. स्पेलिंग बघ जरा."

मला नवल वाटलं. तो आधी दाखवायचा आणि मग टाकायचा. मी ॲप उघडलं. त्या दिवशी बाबा नव्हते, भाजीवाला नव्हता, धडा नव्हता. दोनच ओळी होत्या: महापे येथे पूर्ण फर्निश्ड ऑफिस, लवकरच उपलब्ध, गरजूंनीच संपर्क करावा. स्पेलिंगं सगळी बरोबर. खाली फोटो. छत होतं, नेहमीसारखं. पण फोटो छतावर थांबला नव्हता. तो खाली उतरत उतरत भिंतीवरून खिडकीपर्यंत आला होता. खिडकीत डोंगर होता. आणि खिडकीच्या कट्ट्यावर, एक कान उडालेली पिवळी-पांढरी बरणी. गवती चहाला पाणी घालायला मी शुक्रवारी विसरले होते, ते त्याच्या पात्यांवरून दिसत होतं.

मला आधी राग आला तो गवती चहा सुकल्याचा. खरं सांगते. माणसाचं डोकं असंच चालतं. मग मी 'लवकरच उपलब्ध' पुन्हा वाचलं.

"हे माझं ऑफिस आहे," मी म्हणाले.

तो वळला नाही. "स्पेलिंग बरोबर आहे का?"

"तू माझं ऑफिस भाड्याने लावतोयस?"

त्याला उत्तर द्यावं लागलं नाही, कारण त्याचा फोन वाजायला लागला. नवी मुंबईतल्या सगळ्या ब्रोकरांनी रविवारची झोप सोडून तो डोंगर बघितला होता. एकाने सरळ मजला सांगितला. दुसऱ्याने कंपनीचं नाव घेऊन विचारलं की ते जाताहेत का, कुठे जाताहेत, मालक तोच ना. पोस्टीखाली एकाने गमतीने लिहिलं की भाऊ, लोणचंपण फर्निश्डमध्ये येतं का. तो प्रत्येकाला "चुकून पडली रे, काढतोच" म्हणत होता, पण काढत नव्हता. तेवढ्यात मी ती पोस्ट आमच्या ऑफिसच्या मुलींच्या ग्रुपवर टाकली. वर काही लिहिलं नाही. बरणी त्या सगळ्या ओळखतात. बाईंसाठी लिहिलेला निरोप मी पुसला आणि 'हो, उद्या येऊन भेटते' असं लिहून पाठवलं. आणि मग परत त्या पोस्टीवर जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या नवऱ्याला लाईक दिलं.

त्यानंतर मात्र मी त्याला फाडून खाल्लं.

कधीपासून माहीत होतं? दिवाळीच्या आधीपासून. जागेच्या मालकाने बोलावून सांगितलं होतं की कंपनी इथलं काम बंद करून हैदराबादला नेते आहे, लोकांना शेवटच्या महिन्यात सांगणार आहेत, तोवर गुपचूप नवा भाडेकरू शोध. मी तिथे आहे हे मालकाला ठाऊक होतं. म्हणूनच त्याने शब्द घेतला होता, की घरीसुद्धा बोलायचं नाही. मी विचारलं, मग नाही का म्हणाला नाहीस? तर म्हणाला, "नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने काम घेतलं असतं आणि मला काहीच कळत राहिलं नसतं. कधी, काय, कुठे. तू आपली पाणी घालत बसली असतीस."

"आणि तू? तू इतके महिने माझ्या हातचं जेवत बसलास. बाबांवर रडलास, नळावर रडलास, सगळ्या जगापुढे उघडा झालास, आणि माझ्यापुढे?"

"शब्द दिला होता गं."

मी त्याच्याशी दोन आठवडे धड बोलले नाही. खूप राग होता माझा, आणि तो सगळाच चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. ज्या घरात मी जीव ओतला त्या घरात मी पार्टीपेक्षाही लांबची निघाले होते. पार्टीला निदान वळणं घेत का होईना, जागेपर्यंत तरी नेतात. ऑफिसात जाऊन बसायचे तेव्हा मुली येऊन मला धीर द्यायच्या आणि विचारायच्या की ताई, तुमच्या मिस्टरांची एवढी मोठी चूक कशी झाली? त्यांच्यातल्या एकीने तोवर दुसरीकडे अर्ज करून मुलाखतही दिली होती. शेवटी कंपनीला घोषणा लवकर करावी लागली. साहेबांनी सगळ्यांना जमवून हैदराबादचं सांगितलं तेव्हा कुणाच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता, आणि तेच बिचारे गांगरले.

मालकाने माझ्या नवऱ्याकडून काम काढून घेतलं. दिलेला शब्द मोडणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं, आणि त्या लाइनीत ते नाव धुवायला साबण नाही. फोन कमी झाले. महापेच्या दोन-तीन मालकांनी त्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवलं. आमचं ऑफिस पुढे त्याच्याच ओळखीच्या, बॉनेटवर बसलेल्या त्या ब्रोकरने लावून दिलं. त्यावर तो ॲपवर अत्यंत नम्र झाला. खाली पहिलं अभिनंदन माझ्या नवऱ्याचं होतं: 'वेल डिझर्व्ह्ड, ब्रदर.' मी ते वाचलं आणि माझा राग का कोण जाणे तिथेच ओसरायला लागला.

त्या संध्याकाळी मी त्याच्याशेजारी बाल्कनीत जाऊन बसले. म्हटलं, "एक विचारू? तू लेकीच्या वाढदिवसाचे फोटो काढलेस तर त्यात लेक येत नाही. इतकी वर्षं तुझ्या फोटोत कधी खिडकी आली नाही. बरणी कशी आली?"

"चुकून."

"कान उडालेली बाजू बरोबर पुढे?"

तो रस्त्याकडे बघत राहिला. खाली सोसायटीचा टँकर मागे घेत होते आणि वॉचमन शिट्टी वाजवत होता.

"बोलायचं नाही असा शब्द दिला होता," तो मग म्हणाला. "फोटोबद्दल काही ठरलं नव्हतं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. धंद्यात भाडेकराराच्या कलमांमधून वाट काढायची सवय या माणसाला, आणि संसारातही त्याने तीच वाट काढली. माझ्या कानात दोन शब्द बोलण्याऐवजी त्याने ते हजारो परक्या लोकांच्या समोर भिंतीवर चिकटवले, कारण त्याच्या हिशेबाने ते बोलणं नव्हतं. आणि त्या आठवड्याच्या गंजाबद्दलच्या, भ्रमाबद्दलच्या, सूर्योदयाबद्दलच्या पोस्टी? "त्या तुलाच होत्या," तो म्हणाला. "तू स्पेलिंगं बघत बसलीस."

ही एवढी गोष्ट मात्र त्याने कधी ॲपवर टाकली नाही. नळावर पोस्ट आहे. मावशीच्या सुरमईवर आहे. स्वतःच्या अपयशावर लिहायची तर तिथे फॅशनच आहे, त्याला लाईकही रग्गड पडतात. मी एकदा म्हणालेसुद्धा, लिही की, मी इंग्रजी बघून देते. नको म्हणाला.

वाशीच्या ऑफिसात मी रुजू झाले त्या आठवड्यात तो बरणी घेऊन आला. जुन्या ऑफिसमधून मीच ती घरी आणली होती. गवती चहा खालपासून कापला होता, त्याला नवी पाती फुटली होती. तिथे मला टेबल मिळालं होतं आणि एक खिडकीसुद्धा. तिच्यातून समोरच्या इमारतीचे एसी दिसतात आणि त्यांच्यामधून स्टेशनच्या छपराची एक पट्टी. त्याने बरणी कट्ट्यावर ठेवली, दोन पावलं मागे गेला आणि जागेकडे धंद्याच्या नजरेने बघितलं.

"कार्पेट एरिया कमी आहे," म्हणाला. "पण उजेड बरा आहे."

"फोटो काढ माझा," मी म्हणाले. "लेकीला पाठवायचाय."

त्याने फोन वर केला. सवयीने तो आधी छताकडेच गेला, मग हळूहळू खाली आला आणि अडला.

"बरणी जरा बाजूला घे," तो म्हणाला. "आणि तूही सरक. खिडकी येतेय. लोक जागा ओळखतील."

"ओळखू देत," मी म्हणाले, आणि बरणी उचलून माझ्या बरोबर शेजारी ठेवली, उडालेला कान पुढे करून.

त्याने फोटो काढला. त्यात मी पूर्ण आले आहे, डोक्यापासून. लेकीखेरीज त्याने तो अजून कुणाला दाखवलेला नाही.